कोबॉलचा दगड

आमचे मेव्हणे कोबॉल करतात असं सांगितलं, की ऐकणाऱ्याला पूर्वी तो एखादा पोटाचा विकार वाटे. वास्तविक कोबॉल ही संगणकाची भाषा. १९५९ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या आश्रयाने तिच्यासाठी समिती बसली, आणि नवल म्हणजे समिती असूनही तिने काम केलं! हिशेबाचे हुकूम साध्या इंग्रजीच्या वळणाने लिहिता यावेत आणि एका कंपनीच्या यंत्रासाठी लिहिलेलं दुसरीच्या यंत्रावरही चालावं, हा हेतू. ग्रेस हॉपरबाईंच्या फ्लोमॅटिक या भाषेचा तिच्यावर मोठा ठसा होता.

पण कामाच्या दिरंगाईला वैतागून हॉवर्ड ब्रॉम्बर्ग या सभासदाने चक्क 'कोबॉल' अशी अक्षरं कोरलेला थडग्याचा दगड विकत घेतला आणि समितीच्या प्रमुखांना पाठवून दिला. बारशाआधीच तेराव्याची तयारी! पुढे १९७५ साली डायक्स्ट्रा या डच पंडिताने, ही भाषा शिकवणं हा गुन्हाच मानावा, असा निवाडा दिला. पण पंडितांच्या शापाने बँका थोड्याच बंद पडतात? दगड कॅलिफोर्नियातल्या संग्रहालयात जाऊन बसला. भाषा मात्र कामावर हजर!

मग आली २००० सालची भानगड. जागा वाचवायला जुन्या प्रोग्रॅमांत सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहीत. आता '००' म्हणजे १९०० की २०००, हे यंत्राला कसं कळावं? ते निस्तरायला इकडून पुष्कळ मंडळी अमेरिकेत गेली, त्यांत मेव्हणेही. त्यांचा डॉलरमधला पगार ऐकून सासरेबुवांनी जावयाकडे, म्हणजे माझ्याकडे, प्रथमच निरखून पाहिलं. २००० उजाडलं. फारसं काही बिघडलं नाही, आणि बिघडलं नाही म्हणूनच मेव्हण्यांची गरज संपली. काम चोख करण्याचा हा एक तोटा आहे. ते परत आले आणि कोबॉलचं नाव घरात कुणी काढेनासं झालं.

एप्रिल २०२० मध्ये करोनाने बेकार झालेल्यांच्या अर्जांखाली न्यू जर्सी राज्याची जुनी यंत्रणा दबली. कोबॉल जाणणाऱ्यांनी मदतीला यावं, अशी गव्हर्नरांनी जाहीर हाक दिली. मेव्हण्यांचा तत्काळ फोन.

"वाचलंत ना? आम्हाला बोलावताहेत!"

"पगार किती?"

"छे हो, स्वयंसेवक पाहिजेत!"

विमानं बंद होती, वयही झालेलं. जाणं काही झालं नाही. पण डॉलरच्या दिवसांतसुद्धा मी त्यांचा आवाज इतका खूष ऐकला नव्हता.