गोधडी भिंतीवर जाते

आपल्याकडे भिंतीवर जागा मिळवायची तर आधी मरावं लागतं. आमच्या आजोबांना हयातीत माजघरात एक धड कोपरा मिळाला नाही, पण वारल्यावर दिवाणखान्याची दर्शनी भिंत मिळाली, वर चंदनाचा हारसुद्धा. गोधडीचं नशीब असंच काहीसं. जन्मभर ती खाली. आधी बाळंतिणीच्या खाटेवर, मग पोरांच्या अंगावर, मग गादीखाली, आणि अगदी चिंध्या झाल्यावर दारात पाय पुसायला. आणि एक दिवस पाहावं, तर बाई न्यूयॉर्कच्या म्यूझियमच्या भिंतीवर! अंगावर मंद दिवा सोडलेला आणि पुढे उभं राहून लोक मान वाकडी करून बघताहेत. हात लावायची सोय नाही. गोधडीला हात लावायचा नाही म्हणजे जिलबी नुसती हुंगायची!

आमच्या घरात हा विषय शिरला तो सौ.च्या क्लासमुळे. 'आधुनिक क्विल्ट-रचना' असं त्याचं भारदस्त नाव. क्विल्ट म्हणजे गोधडीच, फक्त फी भरलेली. क्लासच्या वहीत पहिल्या पानावर तीन शब्द होते : निसर्ग, रंग, आठवणी. या तिन्हींतून 'प्रेरणा' घ्यायची होती. सौ.ने निसर्गापासून सुरुवात केली आणि सह्याद्री करायचा म्हणून तुळशीबागेतून पाच तऱ्हेचं हिरवं कापड मीटरने आणलं. ते ती कात्रीने कापू लागली तेव्हा आमची मावशी समोरच बसली होती. मावशी साताऱ्याकडची, ती गोधडीला वाकळ म्हणते. तिने आजवर किती वाकळी शिवल्या हे तिलाही सांगता यायचं नाही.

"अगं सूनबाई, धडकं कापड फाडून ठिगळं करतेस?"

"मावशी, हे डिझाईन आहे. आधी कागदावर काढायचं असतं."

"कागदावर कशाला? धोतर केवढं उरलंय ते बघायचं. काय होतंय ते धोतर सांगतं."

"आणि आठवणी?"

"हे काय! तुझ्या मामंजींचं धोतर, माझ्या जावेचं लुगडं. आठवणी का बाजारातनं आणायच्या?"

मावशी क्लासला गेली असती तर मास्तरीणबाईंना फी परत करावी लागली असती. पण त्या वहीत दुसऱ्या पानावर एक चित्र चिकटवलेलं होतं. विटक्या निळ्या, करड्या आणि तपकिरी पट्ट्यांची एक ओबडधोबड गोधडी. मावशीने चष्मा लावून ते पाहिलं आणि म्हणाली, "ही बाई आपल्यातली दिसते."

ती बाई होती अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातली. गाव जीज बेंड. अलाबामा नदीने तिथे घोड्याच्या नालासारखं वळण घेतलंय आणि त्या नालाच्या आत हे गाव, म्हणजे तिन्ही बाजूंना पाणी. १८१६ साली जोसेफ जी नावाच्या माणसाने तिथे कापसाचा मळा घातला. १८४५ मध्ये तो मार्क पेटवे या गृहस्थाकडे गेला आणि पुढच्याच वर्षी त्याने आपले शंभरेक गुलाम नॉर्थ कॅरोलायनाहून तिथवर चालवत आणले. पुढे गुलामी संपली, पण मालकाचं आडनाव राहिलं. आमच्या आळीत चार कुलकर्णी असले तर पोस्टमन रडकुंडीला येतो. तिथे जवळजवळ सगळं गाव पेटवे! फरक एवढाच, की कुलकर्ण्यांना ते नाव कोणा मालकाने डागलेलं नाही.

मुक्त झालेली ही माणसं त्याच मळ्यात कूळ म्हणून राबू लागली. दुकानदाराच्या उधारीवर वर्ष काढायचं आणि कापूस आला की फेडायचं. १९३२ साली असा एक दुकानदार वारला आणि त्याच्या विधवेने वसुलीला माणसं धाडली. त्यांनी गुरं, अवजारं, गाड्या, घरातला मका आणि रताळीसुद्धा उचलून नेली. तोंडावर हिवाळा. लाकडी घरांच्या फटींतून वारा येऊ नये म्हणून भिंतींना वर्तमानपत्रं डकवलेली, आणि अंगावर गोधडी. आत भरायचा कापूस जिनिंगच्या फरशीवरून झाडून आणायचा. स्वतः पिकवलेलाच, पण स्वतःचा नव्हे.

या गोधड्यांच्या नमुन्यांची नावं ऐकण्यासारखी आहेत. एक 'घराचं छप्पर', चौकोनात चौकोन, त्यात आणखी चौकोन. एक 'गवंडी', विटांचा थर लावल्यागत. आणि एक 'आळशी पोरगी', नुसत्या सरळ पट्ट्या. दिवसभर कापूस वेचून रात्री गोधडी शिवणाऱ्या बाईला आळशी म्हणायचं, हा विनोद फक्त त्या बाईलाच शोभतो. निसर्ग, रंग, आठवणी सगळं होतं, पण ते वहीत लिहिलेलं नव्हतं. कामाच्या पँटीवरचा खिसा उसवला की खाली निळा चौकोन गडद राहिलेला असतो, गुडघ्याशी कापड पांढुरकं पडलेलं असतं. किती वर्षं वाकून काम केलं याचा तो नकाशाच.

वहीतली गोधडी मिसूरी पेटवे यांची. १९४२ साली त्यांचा नवरा वारला. त्यांनी त्याचे कामाचे कपडे काढले, पँटींचे पाय आणि शर्टांचे घोळ फाडले आणि मुलीला, आर्लोन्झियाला, हाताशी घेऊन गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि रात्री तेच अंगावर घ्यावं म्हणून. हे मी मावशीला वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग एवढंच म्हणाली, "ती आता भिंतीवर टांगली म्हणतोस?"

टांगण्याचा इतिहास वेगळाच आहे. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्यूझियममध्ये जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जुन्या अमेरिकन गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या. लोक थक्क झाले, कारण मोठमोठे चित्रकार करत होते तसलं काही तरी या बायका आधीच करून बसल्या होत्या. पण बहुतेक गोधड्यांखाली करणारीचं नाव नव्हतं. जीज बेंड त्या भिंतीवर नव्हतंच. तिथल्या बायकांनी १९६६ साली आसपासच्या बायकांबरोबर 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली होती, आणि १९७२ पासून त्या सीअर्स कंपनीसाठी कॉर्डरॉयचे अभ्रे शिवत होत्या, सगळे एकसारखे, एकाच मापाचे. शिल्लक कॉर्डरॉय मात्र घरी यायचं आणि त्याच्या गोधड्या कोणत्याही मापाला जुमानायच्या नाहीत.

जीज बेंडच्या गोधड्या व्हिटनीच्या भिंतीवर पोचल्या २००२ साली, या वेळी नावानिशी. न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षकाला त्या पाहून मातीस आणि क्ले आठवले. मातीसची चित्रं पाहून कोणाला मिसूरीबाई आठवल्याचं ऐकिवात नाही. मग गोधड्यांना किंमत आली आणि किमतीमागोमाग कोर्टही. पैसा नेमका कोणाकडे गेला म्हणून २००७ मध्ये काही बायकांनी दावे लावले आणि पुढच्या वर्षी ते मिटले.

आफ्रिकेतून गुलाम करून नेलेली माणसं फक्त अमेरिकेत गेली नाहीत. पोर्तुगीजांनी काहींना गोव्यात आणलं, आणि यल्लापूर-हल्याळच्या रानात आज राहणाऱ्या सिद्दींचे बरेच पूर्वज त्यांतलेच. त्या बायका 'कवंदी' शिवतात : कोपऱ्यापासून सुरुवात, कडेकडेने धावदोरा घालत आत आत मध्यापर्यंत. शेवटी चारी कोपऱ्यांना कापडाच्या घडीची 'फुलं' लावतात, ती नसली तर कवंदी नागडी वाटते म्हणे. मावशीला हे मान्य आहे. तिच्या वाकळीचा धावदोराही कडेकडेनेच आत येतो. सौ.चा सह्याद्री अजून तोरण्यापाशी अडलाय.

राहिली नदी. जीज बेंडसमोर पलीकडच्या अंगाला कॅम्डेन हे तालुक्याचं गाव. १९६२ साली, हे लोक मतदार म्हणून नाव नोंदवायला तिकडे जाऊ लागले तेव्हा, गोऱ्या कारभाऱ्यांनी फेरीबोटच बंद केली. मग रस्त्याने वळसा घालून चाळीस मैल. २००६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन पोस्टाने जीज बेंडच्या दहा गोधड्यांची टपाल तिकिटं काढली, प्रत्येकी ३९ सेंटला. एक चिकटवलं की गोधडी साऱ्या देशात कुठेही जाणार. फेरीबोट पुन्हा सुरू झाली त्याच्या पुढच्या महिन्यात, चव्वेचाळीस वर्षांनी.

मावशीने ते तिकिटाचं चित्र मागून घेतलंय. देव्हाऱ्याशेजारी, आजोबांच्या फोटोखाली लावणार म्हणते.