तीनशे तासांची शाळा

सोनोग्राफी केंद्राच्या दारावरची पाटी आपण सगळ्यांनीच वाचली आहे : येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. जे मिळत नाही त्याचीच पाटी लावणारं दुसरं दुकान मी तरी पाहिलेलं नाही! त्या पाटीमागचा कायदा बहुतेकांना ठाऊक असतो. पण त्याच कायद्याच्या पोटात डॉक्टरांची एक शाळा दडलेली आहे. मी पडलो मास्तर, मला गोडी शाळेचीच.

मंडळी, हे यंत्र मूळचं पोटासाठी नव्हतंच. १९५५ साली ग्लासगोचे डॉ. इयान डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून बॉयलरच्या कारखान्यात गेले. तिथे धातूतली भेग शोधायला ध्वनिलहरींचं यंत्र वापरत. तुलनेसाठी मांसाचा तुकडाही ठेवला होता. पाणी भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात, हे तिथे दिसलं. १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा निबंध आला.

यातली गोम अशी की एक्स-रेची फिल्म दुसऱ्या दिवशी जाणकाराला दाखवता येते. सोनोग्राफीत हात फिरतो तेव्हाच बघायचं असतं. हात जरा कलला की चित्र बदललं! हातानं जे पकडलंच नाही ते छापील फोटोत कुठून येणार? म्हणजे ही विद्या पोहण्यासारखी, पुस्तकातून येत नाही. आणि यंत्र गावोगाव पोचलं तेव्हा दवाखाने चालवणाऱ्या कित्येकांच्या कॉलेजच्या दिवसांत ते नव्हतंच. मग कोणी ज्येष्ठाच्या बाजूला उभं राहून शिकलं, कोणी दोन दिवसांच्या कार्यशाळेत.

कायद्याचं म्हणाल तर आपला महाराष्ट्र पहिला. १९८८ साली राज्याचा कायदा झाला, तेव्हा भर गर्भजलपरीक्षेवर होता. केंद्राचा कायदा १९९४ चा, अमलात आला १९९६ मध्ये. कागदावर सगळं ठीक! पण महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, त्या २००१ मध्ये ९१३ झाल्या आणि २०११ मध्ये ८९४. मधल्या काळात, २००० साली, मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ आणि साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ मध्ये कायदा कडक झाला.

नियमांत यंत्र कोणी चालवायचं तेही लिहिलं होतं. पदव्युत्तर शिक्षण नसेल तर सहा महिन्यांचं प्रशिक्षण किंवा वर्षभराचा अनुभव. पण प्रशिक्षण नेमकं कशाचं, परीक्षा कोण घेणार? ते पुढे जानेवारी २०१४ च्या नियमांत आलं. एमबीबीएस डॉक्टरांसाठी ३०० तास, त्यात लेखी अभ्यास, हातानं केलेलं काम, लॉगबुक आणि शेवटी परीक्षा. आधीपासून काम करणाऱ्यांना प्रशिक्षण माफ, परीक्षा माफ नाही. नापास झाले तर पुन्हा पहिलीपासून! आणि हे सारं करून मिळते ती प्राथमिक पातळी.

आता शेजारी दुसरा आकडा ठेवा. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत निरंतर शिक्षण सांगितलंय ते पाच वर्षांत ३० तास. मला आमचं वरिष्ठ वेतनश्रेणीचं प्रशिक्षण आठवलं. हजेरीवर सह्या झाल्या की निम्मा वर्ग चहाच्या टपरीवर. तेव्हा ३०० तास आणि लॉगबुक ऐकून मला बरंच वाटलं.

पण एक गोष्ट खटकते. मुलगी की मुलगा हे ज्यांनी पैसे घेऊन सांगितलं त्यांना यंत्र येत नव्हतं काय? चांगलंच येत होतं! अडाणीपणावर प्रशिक्षण हा उपाय, लबाडीवर नाही. आपण हात आणि नियत एकाच दाव्याला बांधले. पहिल्याची परीक्षा घेता येते, दुसऱ्याची तपासणीच करावी लागते.

आमच्या चांदूरला कित्येक वर्षं सोनोग्राफी म्हणजे अमरावती. खेड्यावरची पोटुशी बाई आधी चांदूरला येणार, मग बडनेऱ्यापर्यंत रेल्वे किंवा थेट एसटी, सोबत सासू, दोघींचीही मजुरी बुडाली. वार खाली आहे का, गर्भ नळीत तर नाही ना, एवढं पाहायला हा खटाटोप. जवळचा डॉक्टर नीट शिकलेला असेल तर एखादीचा जीव वाचतो. अर्धवट शिकलेला असेल तर ‘सगळं ठीक’ म्हणून परत पाठवतो, आणि ते यंत्र नसण्याहून वाईट.

या शाळेचा खटलाही झाला. रेडिओलॉजिस्टांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायालयानं प्रशिक्षणाची सक्ती कायद्याबाहेरची ठरवली. केंद्र सरकार वर गेलं आणि मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. मला स्थगिती योग्य वाटली.

मात्र मास्तरकीची सवय म्हणून हिशेब करून पाहिला. रोज सहा तास धरले तर ३०० तासांचे ५० दिवस होतात. रविवार सोडले तर दोन महिने. तालुक्याच्या गावात एकट्यानं दवाखाना चालवणारा डॉक्टर दोन महिने दार लावून शिकायला गेला, तर तेवढे दिवस त्याचे पेशंट कोणाकडे जाणार, हे मात्र त्या नियमांत कुठे दिसत नाही.