निष्कास यंत्रणा, मोटारगाडीची : द्रव्यांचा इतिहास

मोटारगाडीच्या एंजिनात इंधन जळल्यावर उरणारे तप्त वायू सिलिंडरांपासून गाडीच्या मागील टोकापर्यंत वाहून नेणाऱ्या नळ्या व पेट्या यांच्या समूहाला निष्कास यंत्रणा म्हणतात. सिलिंडरांच्या तोंडाशी बसणारी बहुशाखी नळी, तिच्यापुढील जोडनळी, उत्प्रेरकी परिवर्तक, सायलेन्सर व शेवटची नळी हे तिचे मुख्य भाग होत. या एकाच मार्गावर द्रव्याची कसोटी दोन परस्परविरुद्ध प्रकारांनी लागते. एंजिनाच्या तोंडाशी वायूंचे तापमान भर वेगात सु. ८००° ते ९००° से. असते व तेथे धातूचे ऑक्सिडीभवन होते. मागील टोकाशी मात्र नळी इतकी थंड असू शकते की, वायूंतील वाफेचे पाणी होते. एक लिटर पेट्रोल जळल्यावर जवळजवळ तेवढेच पाणी निर्माण होते. त्यात इंधनातील गंधकापासून झालेली अम्ले मिसळली की, नळी आतून गंजते. त्यामुळे रोज थोडेच अंतर चालणाऱ्या गाडीचा सायलेन्सर लांबचा प्रवास करणाऱ्या गाडीच्या सायलेन्सरापेक्षा लवकर निकामी होतो, कारण तो पुरता तापून कोरडा होतच नाही. गंजून पडलेल्या भोकाचा परिणाम केवळ आवाज वाढण्यापुरता नसतो. त्यातून निसटलेला रंगहीन व गंधहीन कार्बन मोनॉक्साइड बंद गाडीत शिरल्यास प्रवाशांना प्राणघातक ठरतो.

प्रारंभीच्या मोटारगाड्यांत द्रव्याची निवड हा प्रश्नच नव्हता. अमेरिकेतील मिल्टन व मार्शल रीव्ह्‌ज या बंधूंनी १८९७ मध्ये एंजिनाचा आवाज कमी करणाऱ्या पेटीचे एकस्व घेतले. बंदुकीच्या सायलेन्सरासाठी प्रसिद्ध असलेल्या हायरम पर्सी मॅक्सिम यांनीही पुढे मोटारगाडीच्या सायलेन्सरावर काम केले. बहुशाखी नळी बिडाची व बाकी सर्व भाग साध्या अल्प-कार्बनी पोलादी पत्र्याचे, अशी विभागणी तेव्हापासून रूढ झाली. बीड ओतण्यास सोपे, स्वस्त व आवाज दाबणारे असते. पण वारंवार तापल्याने ते फुगते व तडकते. गोलकीय ग्रॅफाइटाचे बीड १९४० नंतरच्या दशकात उपलब्ध झाल्यावर आणि त्यात सिलिकॉन व मॉलिब्डेनम मिसळू लागल्यावर ही उणीव बरीच दूर झाली. पत्र्याचे सायलेन्सर काही वर्षांनी बदलावयाचे, हे मात्र गृहीतच धरले जाई.

इंधनातील एका बदलाने हे आयुष्य आणखी घटले. टॉमस मिज्‌ली यांना १९२१ मध्ये टेट्राएथिल लेडाचा आघातरोधक गुण आढळला व १९२३ पासून शिसेयुक्त पेट्रोल विकले जाऊ लागले. एंजिनात शिसे साचू नये म्हणून त्यात ब्रोमीन व क्लोरीन यांची संयुगे घालीत. त्यांपासून होणारी अम्ले निष्कास नळीतील पाण्यात उतरत. थंड देशांत रस्त्यांवरील बर्फ वितळविण्यासाठी टाकलेले मीठ बाहेरून आणि ही अम्ले आतून, असा दुहेरी मारा पत्र्यावर होई. वितळलेल्या ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रणात बुडवून लेप दिलेला पोलादी पत्रा हा त्यावरचा विसाव्या शतकाच्या मध्यातील उपाय होय. तो स्वस्त असून आजही वापरात आहे. मात्र वितळजोडकाम केलेल्या जागी लेप जळून जातो आणि गंज तेथूनच सुरू होतो.

याच काळात निष्कास यंत्रणा हौसेने बदलण्याची प्रथा वाढली. दक्षिण कॅलिफोर्नियातील हौशी तरुण जुन्या फोर्ड गाड्यांची बिडाची बहुशाखी नळी काढून तेथे वाकविलेल्या पोलादी नळ्या जोडीत. इटलीत कार्लो आबार्त यांनी १९४९ मध्ये स्थापन केलेली कंपनी सामान्य फियाट गाड्यांसाठी खास सायलेन्सर विकून भरभराटीस आली. अशा बदलाचा लाभ प्रामुख्याने नळीचा व्यास, लांबी व वाकणे यांवर अवलंबून असतो. धातू बदलल्याने वजन व आयुष्य बदलते. शक्ती क्वचितच वाढते. चकचकीत क्रोमियम मुलाम्याला तर शोभेपलीकडे फारसा अर्थ नाही.

खरा बदल अगंज पोलादामुळे झाला [⟶ पोलाद]. हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये शेफील्ड येथे ते तयार केले, तेव्हा ते बंदुकीच्या नळ्यांची झीज कशी रोखावी याचा अभ्यास करीत होते. तप्त वायूंनी झिजणारी नळी हाच तो प्रश्न असूनही मोटारगाडीपर्यंत हे द्रव्य पोहोचण्यास अर्धे शतक लागले, कारण किंमत आड येत होती. ही कोंडी कायद्याने फोडली. अमेरिकेच्या १९७० च्या शुद्ध हवा अधिनियमामुळे १९७५ च्या गाड्यांत उत्प्रेरकी परिवर्तक आले. शिसे उत्प्रेरकास निष्प्रभ करते, म्हणून शिसेरहित पेट्रोल आले. शिवाय परिवर्तकापुढील नळीतून गंजाचे पापुद्रे सुटून चालण्यासारखे नव्हते. सु. ११ टक्के क्रोमियम व थोडे टिटॅनियम असलेले, निकेल नसलेले ४०९ क्रमांकाचे स्वस्त पोलाद या कामी सर्वत्र रूढ झाले.

हौशी ग्राहक बहुधा ३०४ क्रमांकाचे पोलाद पसंत करतो. त्यात सु. १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते आणि त्याची चमक टिकते. लोहचुंबकाला चिकटते ते खरे अगंज पोलाद नव्हे, हा समज मात्र चुकीचा आहे. ४०९ क्रमांकाचे पोलाद चुंबकाला चिकटते. उलट ३०४ पोलादाचे उष्णतेने होणारे प्रसरण साध्या पोलादाच्या सु. दीडपट असल्याने, सरकते वा लवचिक जोड न दिल्यास ते जोडापाशी तडकते. सु. ४५०° ते ८००° से. या तापमानात दीर्घकाळ राहिल्यास त्याच्या कणसीमांवर क्रोमियमाची कार्बाइडे साठून तेथील गंजरोध घटतो. म्हणून एंजिनाच्या तोंडाशी टिटॅनियमाने स्थिर केलेले ३२१ क्रमांकाचे पोलाद अधिक योग्य ठरते. वितळजोडकाम करताना नळीच्या आतही आर्‌गॉन वायू भरावा लागतो. तो वाचविणारा कारागीर चांगले पोलाद वाया घालवितो.

यापलीकडची द्रव्ये विमानविद्येतून आली. इन्कोनेल ही निकेलाची मिश्रधातू दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या निष्कास नळ्यांसाठी वापरात होती. ती पुढे शर्यतीच्या गाड्यांत आली. अतितप्त अवस्थेतही तिचे बळ टिकत असल्याने नळी अगदी पातळ करता येते. टिटॅनियमाची घनता ४·५, म्हणजे पोलादाच्या सु. ५७ टक्के आहे. शेव्हरोले कंपनीने २००१ च्या कॉर्व्हेट झेड-०६ गाडीत टिटॅनियमाचे सायलेन्सर बसविले. तथापि सु. ६००° से. वर हा धातू ऑक्सिजन शोषून ठिसूळ होतो, म्हणून त्याची जागा मागील टोकाशीच आहे.

भारतात मुंबईसह चार महानगरांत नव्या मोटारगाड्यांना उत्प्रेरकी परिवर्तक १९९५ मध्ये सक्तीचा झाला. शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये देशभर बंद करण्यात आले. एप्रिल २०२० पासून इंधनातील गंधकाची मर्यादा दर दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आली; त्यामुळे आतून होणारे गंजणे सौम्य झाले आहे. कोकणपट्टीतील खाऱ्या, दमट हवेचा बाहेरून होणारा परिणाम मात्र कायम आहे. परिवर्तक काढून टाकणारी किंवा ठरीव मर्यादेपेक्षा मोठा आवाज करणारी यंत्रणा, ती कोणत्याही धातूची असली तरी, मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये दंडास पात्र ठरते.