पॅकेज आणि टीम

परवा मित्राने कॅन्टीनमध्ये दोन ऑफर लेटर्स समोर ठेवली. "सांग, कुठे जाऊ?" मला आठवला अ‍ॅलेक्स रॉड्रिग्ज.

अमेरिकेत बेसबॉलचा खेळाडू पूर्वी क्लबला कायमचा बांधलेला असे. १९७५ च्या डिसेंबरात लवाद पीटर साइट्झ यांनी निकाल दिला आणि करार संपल्यावर 'फ्री एजंट' व्हायची वाट मोकळी झाली. अ‍ॅलेक्सचा जन्मही १९७५ चाच!

२००० साली हा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, सिअ‍ॅटलमधून मोकळा झाला. आता कुठे जाणार? न्यूयॉर्क मेट्सने माघार घेतली. टेक्सास रेंजर्सने १० वर्षांचे २५.२ कोटी डॉलर कबूल केले. मालक टॉम हिक्सनी अख्खा क्लबच १९९८ मध्ये २५ कोटींना घेतला होता!

पुढे काय? २००१ मध्ये पठ्ठ्याने ५२ होमरन मारले, पण टेक्सास सलग तीन वर्षं गटात तळाला. त्याच २००१ मध्ये सिअ‍ॅटलने त्याच्याविना ११६ सामने जिंकले. २००४ मध्ये तो यांकीजकडे गेला. टेक्सासच्या काळात अपेक्षांच्या ओझ्याखाली बंदी असलेली औषधं घेतल्याचं त्याने २००९ मध्ये कबूल केलं.

मित्राला म्हटलं, आकडा बघच. पण शेजारच्या खुर्चीत कोण बसतंय, तेही विचारून घे.