नियम ८, पोटनियम २

परराष्ट्र सेवेतल्या स्त्री अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची. लग्नानंतरही, घरसंसारामुळे तिच्या कामात अडथळा येईल असं सरकारला वाटलं, तर तिला कधीही राजीनामा द्यायला सांगता येईल. भारतीय परराष्ट्र सेवेच्या वर्तणूक नियमांमधला हा नियम ८, पोटनियम २. पुरुष अधिकाऱ्याच्या घरसंसाराबद्दल असं काही नव्हतं.

हे नियम इंग्रजांचे नव्हेत, १९६१चे आहेत. राज्यघटनेचं कलम १६ लागू झालं १९५० साली. सरकारी नोकरीत धर्म, जात, लिंग यांवरून भेदभाव करता येणार नाही, असं ते स्पष्ट सांगतं. मी दिवसभर कोड लिहिते. मुख्य स्पेसिफिकेशन बदलतं आणि खालची एखादी जुनी फाइल तशीच राहून जाते, हा आमचा रोजचा अनुभव. इथे मात्र घटना येऊन ११ वर्षं झाल्यावर तिच्याशी न जुळणारी फाइल नव्याने लिहिली गेली होती.

कूर्गच्या सी. बी. मुथम्मा १९४९ साली परराष्ट्र सेवेत आल्या, या सेवेतल्या पहिल्या स्त्री अधिकारी म्हणून. रुजू होताना त्यांच्याकडून हमी घेतली गेली, की लग्न केलं तर राजीनामा देईन. प्रशासकीय सेवेतही वेगळं नव्हतं. १९५१ साली रुजू झालेल्या अ‍ॅना राजम यांच्या नेमणूकपत्रात लग्न केल्यास नोकरी संपेल अशी अट होती. (न्हावा शेवा बंदराच्या उभारणीत पुढे ज्यांचा मोठा वाटा होता, त्या अ‍ॅना राजम मल्होत्रा याच.)

मुथम्मा १९७० साली हंगेरीत राजदूत झाल्या. मग सर्वांत वरच्या श्रेणीतली बढती त्यांना नाकारली गेली आणि कनिष्ठ सहकारी पुढे गेले. सरकारचं म्हणणं, गुणवत्ता कमी पडली. त्या थेट सुप्रीम कोर्टात गेल्या. बढतीच्या तक्रारीसोबत नियमांमधला भेदभावही त्यांनी याचिकेत मांडला. नोकरीत असताना स्वतःच्याच खात्यावर केस करणं म्हणजे काय, हे कुठल्याही ऑफिसात काम केलेल्या माणसाला सांगायला नको.

खटला चालू असतानाच त्यांना बढती मिळाली. विवाहित स्त्रीला सेवेत नेमणुकीचा हक्क नाही असं सांगणारा दुसरा नियम १९७३ सालीच काढलाय आणि पोटनियम २सुद्धा काढतोय, असं सरकारी वकिलांनी कोर्टाला सांगितलं. सप्टेंबर १९७९मध्ये निकाल लागला : याचिका फेटाळली! मागण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. मुथम्मांची सेवाज्येष्ठता पुन्हा तपासायला मात्र कोर्टाने सांगितलं.

निकाल न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा. दोन-तीन पानांचा आहे, मोबाइलवर सहज वाचून होतो. घरच्या जबाबदाऱ्या बाईच्या कामात येत असतील तर त्या पुरुषाच्याही येऊ शकतात, असं ते म्हणतात. सेवेचे सगळेच नियम तपासून त्यांतला भेदभाव काढा, कुणी कोर्टात येण्याची वाट पाहू नका, असंही सरकारला बजावतात. मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण तोवर मुथम्मा ५५ वर्षांच्या झाल्या होत्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं. नियम रद्द झाल्याचा त्यांना स्वतःला कितीसा उपयोग?

पण त्याच निकालात एक फटही आहे. काही कामांच्या स्वरूपामुळे स्त्री-पुरुषांत फरक करावा लागेल, तेवढा अपवाद कोर्टाने मान्य केला. आता हा अपवाद कुठे लागू होतो ते ठरवणार कोण?

एअर इंडिया तेव्हा सरकारी महामंडळ होतं. तिथल्या हवाईसुंदरींची केस १९८१ साली सुप्रीम कोर्टाने निकालात काढली. पहिल्या गरोदरपणात नोकरी संपवणारी अट रद्द झाली. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी जाईल, ही अट मात्र कोर्टाला वाजवी वाटली. ती कायम राहिली.