शेजारच्या टेबलापर्यंत पोचणारा योग

1. प्रश्न

दरवर्षी 21 जूनच्या सकाळी परभणी जिल्ह्यातल्या शाळा, कार्यालये आणि महाविद्यालयांत योगदिन साजरा होतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 11 डिसेंबर 2014 रोजी या दिवसाला मान्यता दिली, तेव्हा 177 देश त्या ठरावाचे सहप्रस्तावक होते. त्या सकाळी साहेब, कारकून आणि शिपाई एकाच सतरंजीवर बसतात आणि एकाच सूचनेवर श्वास आत घेतात. मग कार्यालय उघडते आणि ‘हे माझ्या टेबलचं काम नाही’ हे वाक्य नेहमीसारखे कानावर पडते.

योगाभ्यास माझ्या रोजच्या जगण्याचा भाग आहे, म्हणूनच मला हा प्रश्न टोचतो. सतरंजीवरची ती शांतता शेजारच्या टेबलापर्यंत का पोचत नाही? योग आणि सजगता यांमुळे कामाच्या ठिकाणी माणसे खरोखर जवळ येतात का, आणि येत असतील तर कोणत्या अटींवर? माझे उत्तर आधीच सांगतो. अभ्यासाने मन तयार होते, नाते मात्र आचरणातून आणि वाटून घेतलेल्या कामातून घडते. त्याला न्याय्य व्यवस्थेचा आधार नसेल तर तेही टिकत नाही. पुढील विवेचनात या तिन्ही गोष्टी क्रमाने तपासू.

2. संज्ञा आणि त्यांची व्याप्ती

योग म्हणजे येथे पतंजलींचा अष्टांग योग अभिप्रेत आहे. आपण त्यातली आसने आणि प्राणायाम ही तिसरी आणि चौथी अंगे उचलली. पहिले अंग यम. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह हे पाचही यम माणसाने दुसऱ्याशी कसे वागावे याच्याशी बांधलेले आहेत. म्हणजे मूळ क्रमात शरीर वळवण्याआधी वागणूक वळवायची आहे.

सजगता म्हणजे चालू क्षणी जे घडते आहे त्याकडे, निवाडा करण्याची घाई न करता, लक्ष देणे. या साधनेची मुळे बौद्ध स्मृतिसाधनेत आहेत. 1979 मध्ये जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात तिला काही आठवड्यांच्या अभ्यासक्रमाचे रूप दिले आणि तेथून ती कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत गेली. महाराष्ट्राला मात्र ही वाट जुनी आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली. सत्यनारायण गोएंका यांच्या मार्गदर्शनाखाली इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र 1976 पासून विपश्यना शिकवते आहे. राज्य शासनाने कर्मचाऱ्यांना विपश्यना शिबिरासाठी रजेची सोयही केली आहे.

राहिली तिसरी संज्ञा, खरे नाते. आपल्याकडे कार्यालयातल्या शिपायाला सगळे ‘मामा’ म्हणतात, सहकाऱ्याला ‘भाऊ’, सहकारी महिलेला ‘ताई’ किंवा ‘मॅडम’. ही संबोधने गोड आहेत, पण तेवढ्यावर नाते मोजता येत नाही. मी तीन खुणा मानतो. ‘हे मला जमत नाही’ असे न घाबरता सांगता येणे, ही पहिली. चूक पाठीमागे न बोलता समोर आणि नीट बोलता येणे, ही दुसरी. एखाद्याच्या अडचणीच्या दिवशी त्याचे काम ओढून घेणे आणि त्याचा हिशेब न ठेवणे, ही तिसरी.

3. श्वास काय करतो

श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, घेताना वाढते. श्वास संथ आणि लांब झाला की शरीराची ताण सैल करणारी यंत्रणा जोर धरते. लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जपमाळेवरची ख्रिस्ती प्रार्थना आणि योगातला मंत्रजप या दोन्हींमुळे श्वसन मिनिटाला साधारण सहा श्वासांवर आल्याचे दिसले. त्याबरोबर रक्तदाब सांभाळणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेची क्षमताही वाढली होती. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण शरीराने दिलेले उत्तर सारखेच.

कामाच्या जागी याचा उपयोग नेमका काय? मे महिन्यात पारा चाळिशीपार गेलेला असताना पालम किंवा जिंतूरच्या खेड्यातला शेतकरी अनुदानाचे कागद घेऊन खिडकीशी उभा राहतो. एक कागद कमी असतो. तो चिडतो, कारकूनही चिडतो. चिडणे आणि बोलणे यांच्या मधली जागा श्वासाच्या अभ्यासाने थोडी रुंदावते. त्या जागेत माणूस ठरवू शकतो की ‘उद्या या’ म्हणायचे, की कोणता कागद कमी आहे आणि तो कोठे मिळेल हे चिठ्ठीवर लिहून द्यायचे. श्वासाचे काम एवढेच, आणि ते लहान नाही. पण पुढचा निर्णय श्वास घेत नाही. तो माणसाच्या वृत्तीवर अवलंबून असतो.

4. लक्ष कोणाकडे वळते

येथे संशोधनाचा एक अस्वस्थ करणारा धागा हाती येतो. योहेन गेबावर आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये दाखवले की योग आणि ध्यान करणाऱ्यांमध्ये अभ्यासानंतर स्वतःविषयीचा मोठेपणा कमी न होता वाढू शकतो. मायकेल पूलिन यांच्या 2021 मधील अभ्यासात विद्यार्थ्यांना सजगतेचा छोटा सराव दिला आणि मग एका सेवाकार्यासाठी पाकिटे भरण्याचे काम ऐच्छिक ठेवले. स्वतःला इतरांशी बांधलेले मानणाऱ्यांनी सरावानंतर अधिक पाकिटे भरली. स्वतःला सुटे, स्वतंत्र मानणाऱ्यांनी मात्र कमी भरली.

याचा अर्थ साधना निरुपयोगी आहे असा नाही. माणूस मुळात ज्या दिशेला तोंड करून उभा आहे, त्याच दिशेला साधना त्याला पुढे नेते. ‘मी शांत राहिलो पाहिजे’ एवढ्याच हेतूने डोळे मिटणारा माणूस उघडल्या डोळ्यांनीही स्वतःकडेच पाहत राहील. यमांना पहिले स्थान देणाऱ्या क्रमामागचे शहाणपण या प्रयोगांच्या उजेडात अधिक स्पष्ट दिसते.

5. चार माणसे, चार वृत्ती

दिशा वळवण्याचे साधन परंपरेतच आहे. योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्त निर्मळ होण्यासाठी चार भावना सांगितल्या आहेत: सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता आणि अपुण्यवानाविषयी उपेक्षा. बौद्ध परंपरेतही याच चार भावना ब्रह्मविहार म्हणून येतात. कार्यालयात ही चारही माणसे रोज भेटतात.

ज्याची पदोन्नती झाली किंवा मनासारख्या गावी बदली झाली, तो सुखी. त्याच्याशी मैत्री ठेवणे करुणेहून कठीण असते, कारण मध्ये मत्सर उभा राहतो. ज्याच्या घरी आजारपण आहे किंवा ज्याचे पीक गेले आहे, तो दुःखी. परभणीतल्या अनेक नोकरदारांचे एक पाऊल अजून शेतात आहे, त्यामुळे पावसाचा खंड कापूस-सोयाबीनइतकाच कार्यालयातल्या चेहऱ्यांवरही उमटतो. त्या दिवसांत करुणा म्हणजे चार धीराचे शब्द आणि एखादी फाईल आपल्याकडे घेणे. जो निमूटपणे चोख काम करतो, त्याचे काम साहेबांसमोर त्याच्या नावाने सांगणे ही मुदिता. दुसऱ्याचे श्रेय न चोरणे हे अस्तेयही त्यातच येते.

चौथी भावना जपून समजून घ्यावी लागते. उपेक्षा म्हणजे कुरापती काढणाऱ्याच्या बोलण्याला मनात घर न देणे. अन्याय मुकाट सोसणे हा तिचा अर्थ होऊ शकत नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे त्याने बंधनकारक केले आहे. तेथे तक्रार करणाऱ्या महिलेला ‘मन शांत ठेवा’ असा सल्ला देणे म्हणजे योगाचा दुरुपयोग. तिच्या बाजूने उभे राहणे हाच तेथला यम.

6. गंगाखेडचा दाखला

वाटून घेतलेल्या कामात लक्ष आणि नाते एकत्र कसे येतात, याचे उदाहरण शोधायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. संत जनाबाई परंपरेने गोदाकाठच्या गंगाखेडच्या. नामदेवांच्या घरी त्या दासी म्हणून राबल्या. दळण, कांडण, शेण्या वेचणे हे त्यांचे कामाचे ठिकाण, आणि त्यांच्या अभंगांतला विठ्ठल तेथेच येऊन कामाला हात लावतो. मोठ्यातला मोठा येतो आणि कष्टाचा वाटा उचलतो, ही जवळिकीची कल्पना मला अजोड वाटते. सातशे वर्षांपूर्वीच्या एका दासीने वरिष्ठांसाठी घालून दिलेला तो आदर्श आहे.

मराठवाड्यातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जात्यावर हेच अनुभवले. दोघी समोरासमोर बसतात, खुंट्याला दोघींचे हात लागतात, एकीचा जोर चुकला तर दुसरीच्या मनगटाला कळते. एक ओवी धरते, दुसरी पुढे नेते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांच्या प्रकल्पात गोळा झालेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांत सासर, माहेर, मृत्यू, भाऊ, भीमराव, विठ्ठल असे सगळे बोलले गेले आहे. इतरत्र बोलता येत नव्हते ते येथे बोलता आले, कारण हात एका कामात गुंतले होते आणि ऐकणारी समोर होती. या कष्टांचे गोडवे गायचे नाहीत. पीठगिरणी आली हे चांगलेच झाले. पण तेथून घ्यायचे तत्त्व कायम आहे. समोरासमोर बसून, एकाच लयीत, दोघांचे म्हणून केलेले काम माणसाला बोलते करते.

शेतीतल्या इर्जिकेत हेच दिसते. शेजारी आपापले बैल आणि अवजारे घेऊन येतात, एकाचे रान एका दिवसात उरकतात आणि त्याच्याकडे जेवतात.

7. व्यवस्थेचा वाटा

आता तिसरी अट. ऑक्सफर्डचे विल्यम फ्लेमिंग यांनी 2024 मध्ये ब्रिटनमधल्या 233 संस्थांतल्या 46,336 कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. सजगतेचे वर्ग, ताणनियोजनाचे प्रशिक्षण आणि मनःस्वास्थ्याची अ‍ॅप घेणारे, न घेणाऱ्यांपेक्षा अधिक समाधानी आढळले नाहीत. अपवाद होता तो सेवाकार्यात भाग घेणाऱ्यांचा. कामाची रचना तशीच ठेवून केवळ माणसाला दुरुस्त करण्याचे उपाय थिटे पडतात, हा त्यातून काढता येणारा धडा आहे.

परभणीत 18 मे 1972 रोजी स्थापन झालेल्या आणि आज वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मराठवाडा कृषी विद्यापीठात शेतकरी महिलांचे कष्ट हलके करणाऱ्या साधनांवर काम झाले आहे. दृष्टी अगदी साधी आहे. कंबर दुखते तर आधी अवजार बदला, बसण्याची पद्धत बदला. कार्यालयांनाही हीच दृष्टी हवी. नांदेड, पूर्णा, सेलू, जालना या रेल्वेमार्गावर रोज ‘अप-डाऊन’ करणाऱ्याला पाच वाजता गाडी गाठायची असते. साडेचारची बैठक त्याला सहकाऱ्यांपासून दूरच नेते. दोन रिकाम्या पदांचा भार ओढणाऱ्याला ध्यानवर्गाआधी मदतनीस हवा. आयुष मंत्रालयाने कार्यालयांसाठी पाच मिनिटांचा ‘वाय-ब्रेक’ तयार केला आहे. तो चांगला आहे, पण ती पाच मिनिटे खरोखर मोकळी मिळाली तरच.

8. निष्कर्ष

एवढ्या विवेचनातून चार सूत्रे हाती येतात. साधनेची सुरुवात यमांपासून करावी. आसन-श्वासाने मिळालेली उसंत दुसऱ्याचे म्हणणे पुरते ऐकण्यासाठी वापरावी. आठवड्यातले एक तरी काम समोरासमोर बसून, दोघांचे म्हणून करावे. आणि अधिकार ज्यांच्या हाती आहे त्यांनी कामाचे वाटप, वेळा आणि तक्रारीचा मार्ग आधी नीट करावा, मग योगशिबिर भरवावे.

ज्या साधनेने शेजारच्या माणसाचा भार कमी झाला नाही, ती अर्धीच राहिली असे मी मानतो. वाचकांना विनंती एवढीच: उद्या सकाळी प्राणायाम जरूर करा, आणि कामावर पोचल्यावर शेजारच्या सहकाऱ्याला विचारा, ‘आज तुमच्याकडचं काय राहिलंय? मी काय घेऊ?’