मध (शहद): घरगुती उपाय, त्वचेची काळजी आणि कोणाला देऊ नये

मराठीत मध, उर्दूत शहद, अरबीत असल. आपल्या घरात ही बाटली बहुतेक स्वयंपाकघरात नसते, औषधाच्या कपाटात असते. खोकला आला की दादी-नानी शहद काढतात, ओठ फुटले की शहद, पोट बिघडलं की शहद. यातले काही उपाय डॉक्टरही मान्य करतात, काही निरुपयोगी आहेत आणि एक-दोन तर जिवावर बेतू शकतात. धनज आणि कारंजा भागातल्या घरांत जे उपाय चालतात, ते डोळ्यासमोर ठेवून आम्ही ही माहिती एकत्र केली आहे.

कुरआन, हदीस आणि युनानी तिब्ब

कुरआन शरीफमधल्या १६ व्या सूरहचं नावच अन्-नहल, म्हणजे मधमाशी. तिच्या ६८ आणि ६९ क्रमांकाच्या आयतींमध्ये मधमाशीचा आणि तिच्या पोटातून निघणाऱ्या वेगवेगळ्या रंगांच्या पेयाचा उल्लेख आहे. त्यात लोकांसाठी शिफा असल्याचं सांगितलं आहे. सहीह बुखारीत एक प्रसंग येतो. एका माणसाच्या भावाचं पोट बिघडलं होतं, तेव्हा हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांनी त्याला पुन्हा पुन्हा मध द्यायला सांगितलं. आजारावर इलाज करा, ही शिकवणही हदीसमध्येच आहे. म्हणून मध वापरणं आणि डॉक्टरकडे जाणं यात एकच काहीतरी निवडायची गरज नाही.

युनानीत मधाला मोठं स्थान आहे. माजून, इत्रीफल, जवारिश यांसारखी औषधं मधाच्या किंवा साखरेच्या पाकात बांधली जातात. सिकंजबीन हे नाव सिरका आणि अंगबीन या दोन फारसी शब्दांचं बनलेलं आहे. अंगबीन म्हणजे मध.

मधात नेमकं काय असतं?

मधात साधारण ८० टक्के साखर असते, मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज. पाणी १७-१८ टक्के. उरलेल्या थोड्या भागात आम्लं, एन्झाइम, परागकण आणि खनिजं असतात. पाणी कमी आणि आम्लता जास्त असल्यामुळे जंतू त्यात वाढत नाहीत. शिवाय मध पातळ झाला की त्यातल्या एका एन्झाइममुळे थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, तेही जंतूंना मारक ठरतं. जखमेवर मध लावायची जुनी पद्धत यावरच उभी आहे.

कोणते उपाय खरोखर उपयोगी?

*खोकला आणि घसा:* मधाचा सगळ्यात खात्रीचा उपयोग हाच. १ वर्षापेक्षा मोठ्या मुलाला रात्री झोपण्याआधी अर्धा ते एक छोटा चमचा मध चाटवायचा. मोठ्यांनी कोमट पाण्यात एक चमचा घ्यावा, हवं तर आल्याचा रस घालावा. घशावर थर बसतो आणि खोकल्याची ढास कमी होते. इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेनं २०१८ पासून साध्या खोकल्यासाठी मधाचा सल्ला दिलेला आहे. पण दम लागत असेल, ताप उतरत नसेल, थुंकीतून रक्त येत असेल किंवा खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला असेल तर घरी बसू नका. तो टीबीही असू शकतो, आणि सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी मोफत होते.

*पोट:* कोमट पाण्यात मध घेतल्यानं काहींना आराम पडतो. जुलाब सुरू असतील तर मात्र पहिलं काम ओआरएसचं. मध ओआरएसची जागा घेऊ शकत नाही, लहान मुलांच्या बाबतीत तर नाहीच.

*कलौंजी आणि मध:* चिमूटभर कलौंजीची पूड मधात कालवून घ्यायची रीत आपल्या घरांत जुनी आहे. अन्न म्हणून ती घ्यायला हरकत नाही. पण बीपी, शुगर किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या सुरू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा आणि गोळ्या परस्पर बंद करू नका.

चेहरा, ओठ आणि केस

मध हवेतला ओलावा धरून ठेवतो, म्हणून कोरड्या त्वचेला तो मानवतो. विदर्भातल्या हिवाळ्यात त्याचा फायदा जास्त दिसतो.

- फुटलेले ओठ, कोपर, टाचा: झोपताना मधाचा पातळ थर लावा, १५-२० मिनिटांनी धुवा आणि मग खोबरेल तेल लावा.
- कोरडा चेहरा: १ चमचा मध आणि १ चमचा दही. १० मिनिटं ठेवून कोमट पाण्यानं धुवा.
- तेलकट चेहरा: १ चमचा मध, २ चमचे मुलतानी माती आणि लागेल तेवढं गुलाबपाणी. पूर्ण वाळून त्वचा ताणू देऊ नका.
- केस: २ चमचे मध मगभर पाण्यात मिसळून, शाम्पूनंतर केसांना लावून धुवून टाका.

पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा. खाज आली किंवा लाली आली तर चेहऱ्याला लावू नका. मधात लिंबू पिळून उन्हात जाणं टाळा, त्वचेवर काळे डाग पडू शकतात. मधानं रंग गोरा होतो हा निव्वळ गैरसमज आहे. लग्न ठरलेल्या मुलींच्या मागे यासाठी लागू नये, असं आम्हाला वाटतं.

भाजणं, जखम आणि डोळे

भाजल्यावर सगळ्यात आधी २० मिनिटं वाहतं साधं पाणी. बर्फ, टूथपेस्ट, मध यातलं काही नको. दवाखान्यात भाजलेल्या जखमांना मधाचं ड्रेसिंग करतात, पण तो मध निर्जंतुक केलेला असतो. घरातल्या बाटलीतला मध तसा नसतो. डोळ्यात मध घालायची सवय काही घरांत आजही आहे. ती सोडलीच पाहिजे. डोळ्याला जंतुसंसर्ग झाला तर नजर जाऊ शकते.

तान्ह्या बाळाला मध नको

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. १ वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका. बोटावरचा थेंब नाही, निपलला लावून नाही, घुट्टीत किंवा बाळगुटीत कालवूनही नाही. मधात बोट्युलिझम नावाच्या आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते वाढत नाहीत. बाळाचं आतडं तयार झालेलं नसतं, तिथे ते वाढून विष सोडतात. मध कितीही शुद्ध असला तरी हा धोका राहतो आणि घरी उकळूनही बीजाणू मरत नाहीत. बद्धकोष्ठता, दूध ओढताना ताकद न लागणं, रडण्याचा आवाज क्षीण होणं, पापण्या उतरणं, मान आणि अंग ढिलं पडणं ही लक्षणं दिसली तर लगेच दवाखाना गाठा.

इथे प्रश्न येतो तहनीकचा. बाळाच्या जन्मानंतर काही घरांत तहनीक म्हणून शहद चाटवतात. हदीसमध्ये हजरत अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) यांच्या तहनीकचा जो प्रसंग आहे, त्यात खजूर आहे. शिवाय तहनीक मुस्तहब आहे, फर्ज नाही. म्हणजे शहद न दिल्यानं काहीही राहून जात नाही. खजुरानं करायचं असेल तरी हात स्वच्छ हवेत, टाळूला फक्त स्पर्श हवा आणि बाळाच्या डॉक्टरांना आधी विचारलेलं हवं. बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल तर हे विचारणं जास्तच गरजेचं आहे. सहा महिने फक्त आईचं दूध, हा डॉक्टरांचा सल्ला घरातल्या मोठ्यांनाही नीट समजावून सांगा.

शुगर असलेल्यांसाठी

मध नैसर्गिक आहे म्हणून शुगरला चालतो, असं नाही. एका मोठ्या चमच्यात (सुमारे २१ ग्रॅम) १७ ग्रॅमच्या आसपास साखर आणि ६४ कॅलरी असतात. रमजानमध्ये इफ्तारच्या शरबतात साखरेऐवजी मध घातला तरी रक्तातली साखर वाढतेच.

शुद्ध मध कसा ओळखावा?

पाण्यात थेंब टाकणं, काडी पेटवणं, नखावर ठेवणं या परीक्षांवर भरवसा ठेवू नका. भेसळीचा पाक मधाइतकाच घट्ट बनवता येतो. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं डिसेंबर २०२० मध्ये १३ ब्रँडची तपासणी जाहीर केली, त्यात सगळ्या चाचण्यांत फक्त ३ ब्रँड उतरले. काही कंपन्यांनी हे निष्कर्ष नाकारले होते. थंडीत मध गोठला, दाणेदार झाला, तर तो नकली समजू नका. खऱ्या मधालाही दाणे धरतात. बाटली कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर उकळू नका.

घेताना १४ अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक आणि पॅकिंगची तारीख बघा. महाराष्ट्रात महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. खादी ग्रामोद्योग मंडळाच्या मदतीनं तिथे मधपाळ काम करतात. आपल्याजवळ अमरावती जिल्ह्यात चिखलदरा-मेळघाटचा जंगली मध मिळतो. गावात कुणी आग्या मोहोळाचा मध विकायला आणला तर तो पोळं पिळून काढला आहे का, हे विचारा. पिळलेल्या मधात अळ्या आणि मेण येतं, आणि पोळं जाळून मध काढला तर माश्याही मरतात. तूर, तीळ, सूर्यफूल या आपल्या पिकांच्या परागीभवनाला त्याच माश्या लागतात.

साठवण

काचेची कोरडी बरणी, घट्ट झाकण, उन्हापासून दूर. फ्रीजची गरज नाही. ओला चमचा घालू नका, पाणी गेलं की मध आंबतो. आणि घरात तान्हं बाळ असेल तर बरणीवर चिठ्ठी लावून ठेवा: १ वर्षाच्या आत नाही. प्रेमापोटी कुणी पाहुणा चाटवेल, त्याआधी ती चिठ्ठी त्याला दिसेल.